आधी बघा, कोण कोणाची वाट बघतोय



नाताळ होऊन पंधरा दिवस झाले असतील. रविवारी मिस्सा संपल्यावर आमच्या युवक गटातल्या एका मुलाची आई चर्चच्या पायऱ्यांवर आमच्यासाठी थांबली होती. म्हणाली, "सर, तुम्हीच सांगा की त्याला जरा. बारा हजार साठवलेत पोरानं, आणि सगळे त्या गेमच्या डब्यात घालायला निघालाय." पोरगा मागे मान खाली घालून उभा. पैसे त्याचेच होते. मावशीच्या केकच्या ऑर्डरी सायकलवरून घरोघरी पोचवून आणि लग्नात एका फोटोग्राफरच्या हाताखाली लाईट धरून मिळवलेले.

अशा वेळी आमच्यासारख्या धर्मशिक्षकाकडून एकच वाक्य अपेक्षित असतं : "बाळा, गेम सोड, अभ्यास कर." आम्ही ते म्हटलं नाही. "संध्याकाळी घरी येतो, आधी तो डबा बघू," एवढंच म्हटलं. त्याला कारण आहे, आणि ते सांगायला आमचीच एक चूक सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या मुलाचाही असाच जुना कॉम्प्युटर होता. गेम अडकायला लागले तसा तो ग्राफिक्स कार्डासाठी मागे लागला. आम्ही काही न विचारता, काही न मोजता एक वापरलेलं आरएक्स ५८० कार्ड आणून दिलं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली अशी कार्डं बाजारात ढिगानं आली होती, त्यातलंच एक असावं. कार्डाची भूक १८५ वॅट. आमचा एसएमएस पाठवायचा फोन नव्हे, वीज पुरवणारा एसएमपीएस मात्र कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, वर "४५० वॅट" छापलेला, आतून हलका. गेम सुरू केला की मशीन बंद. चौथ्या दिवशी जळका वास आला आणि एसएमपीएस मदरबोर्डाला बरोबर घेऊन गेला. त्या रात्री आम्ही मुलावर ओरडलो, "तूच काहीतरी केलंस." त्यानं काही केलं नव्हतं. जुन्या वस्त्राला नव्या कापडाचं ठिगळ लावू नये हे आम्ही वर्गात शिकवतो, आणि घरी तेच केलं होतं. मुलाची माफी मागायला आम्हाला आठवडा लागला.

म्हणून आता आमचं ठाम मत आहे. जुन्या मशीनमध्ये काय बदलायचं, हे दुकानात ठरवू नये, मित्राच्या सांगण्यावरून ठरवू नये, आणि रागात तर मुळीच ठरवू नये. मशीनसमोर बसून, तो चालू असताना, कोणता भाग बाकीच्यांना ताटकळत ठेवतोय ते बघावं आणि तोच बदलावा. बहुतेक वेळा तो सगळ्यात महाग भाग नसतो.

संध्याकाळी गेलो. मशीन २०१५ सालचं. प्रोसेसर इंटेलचा आय-५ ४४६०, चार कोअरचा. मदरबोर्ड एच८१ जातीचा, रॅमला दोनच खाचा, त्यातली एक रिकामी. ८ जीबी रॅमची एकच पट्टी. कार्ड नंतर घेतलेलं, जीटीएक्स १०६०. एक टीबीची फिरणारी हार्ड डिस्क. मॉनिटर ६० हर्ट्झचा. मुलाला हवं होतं नवं ग्राफिक्स कार्ड.

आम्ही विचारलं, "तुला नेमकं काय खुपतंय?" हा प्रश्न त्याला तोपर्यंत कुणी विचारला नव्हता. आईनं नाही, आणि कार्ड विकायला बसलेल्यानं तर नाहीच. तो म्हणाला, "सर, काउंटर-स्ट्राइक २ ची मॅच सुरू व्हायला इतका वेळ लागतो की बाकीचे खेळायला लागलेले असतात. आणि ऐन वेळी एक सेकंद सगळं थिजतं. तेवढ्यात मी मेलेला असतो. मग टीममधले मला शिव्या देतात."

त्याला गेम चालू करायला सांगितला आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. त्यातल्या परफॉर्मन्सच्या पानावर प्रत्येक भाग किती राबतोय ते दिसतं. रॅम जवळजवळ भरलेला. थिजण्याच्या क्षणी डिस्क शंभर टक्के. आणि ज्याला बदलायचं चाललं होतं ते कार्ड? साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ते निवांत बसलं होतं, काम येण्याची वाट बघत.

आता ही साखळी समजून घेऊ या. काउंटर-स्ट्राइक २ ला किमान ८ जीबी रॅम लागतो. याच्याकडे तेवढाच, आणि त्यात विंडोज, ब्राउझर, मित्रांशी बोलायचं ॲप सगळे वाटेकरी. रॅम भरला की विंडोज जास्तीचं सामान हार्ड डिस्कवर ठेवतं आणि लागेल तेव्हा परत उचलतं. ही डिस्क मिनिटाला ७२०० वेळा फिरते. ऐकायला फार वाटतं, पण हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी चार मिलिसेकंद जातात, शिवाय सुई सरकायचा वेळ वेगळा. अशा शेकडो उचलाठेवी एकदम आल्या की डिस्कमागे प्रोसेसर थांबतो, प्रोसेसरमागे कार्ड थांबतं आणि कार्डामागे पोरगं. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तेच काम मिलिसेकंदाच्या अंशात होतं.

आपल्या चर्चच्या सणाचं जेवण आठवा. गेल्या खेपेला पंगत खोळंबली तेव्हा कुणीतरी म्हणालं, आणखी एक शेगडी आणू या. भात तर शिजून तयार होता. वाढायला दोघंच होते. दहा शेगड्या आणल्या असत्या तरी पंगत तिथंच राहिली असती.

हाच विचार १९६७ साली जीन ॲम्डाल या संगणक-अभियंत्यानं गणितात मांडला. त्याचा विषय समांतर चालणाऱ्या प्रोसेसरांचा होता, पण अर्थ आपल्यालाही लागू पडतो. दहा मिनिटांच्या कामात एका भागाचा वाटा दोन मिनिटांचा असेल, तर तो भाग दुप्पट वेगवान करून एकच मिनिट वाचतं. कितीही पैसे ओता, दोन मिनिटांच्या पुढे बचत नाही. उरलेली आठ मिनिटं ज्याच्यामुळे जातात त्याच्याकडे बघायला हवं.

पालकांनी आणि मुलांनी मिळून करायच्या काही तपासण्या सांगतो. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत.

पहिली, कॅबिनेट उघडून धूळ काढा. आमच्या लाल मातीत दहा वर्षं उभं राहिलेलं मशीन आतून कसं असेल ते सांगायला नको. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला तो वेग कमी करतो. पंखा साफ करून थर्मल पेस्ट नवी लावली, तर कधी कधी तिथंच आजार संपतो.

दुसरी, गेममध्ये चित्राचा दर्जा आणि रिझोल्यूशन एकदम खाली आणा. फ्रेम लगेच वाढल्या तर कार्डावर भार होता. फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर कार्ड निर्दोष आहे, मागे प्रोसेसर किंवा रॅम दमलाय. कार्ड सतत ९७ ते ९९ टक्क्यांवर दिसत असेल तेव्हाच नव्या कार्डाचा विचार करावा.

तिसरी, मॉनिटर किती हर्ट्झचा ते बघा. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रंच दाखवतो. मशीननं १४४ काढली तरी डोळ्यांपर्यंत येणार ६०. माऊसला प्रतिसाद थोडा लवकर मिळेल, पण त्यासाठी हजारो रुपयांचं कार्ड घ्यायचं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

चौथी, एसएमपीएसवर छापलेल्या मोठ्या आकड्यावर विसंबू नका. लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते बघा. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही तिथूनच जेवतात. आम्ही ते वाचलं नव्हतं.

एवढं झाल्यावर आमच्या मते आणखी एक प्रश्न विचारावा, जो दुकानदार विचारणार नाही : हा भाग पुढच्या मशीनमध्ये बरोबर येईल का? एसएसडी येते. चांगला एसएमपीएस येतो. मॉनिटर येतो. पण डीडीआर३ रॅम येत नाही, आणि या खाचेत बसणारा जुना आय-७ आणला तर तोही याच मदरबोर्डाबरोबर संपतो. अशा भागांवर खर्च करायचाच तर वापरलेले, स्वस्तातले घ्यावेत. नव्या कार्डांचंही तेच. आरएक्स ६५०० एक्सटी हे २०२२ चं कार्ड मदरबोर्डाशी चारच लेनवर बोलतं. नव्या बोर्डावर चालून जातं, एच८१ सारख्या जुन्या बोर्डावर ते घुसमटतं. नवं म्हणजे चांगलं, असं नसतं.

आणि मर्यादाही प्रामाणिकपणे सांगायला हवी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. हा चौथ्या पिढीचा. म्हणजे या मशीनवर मोठा खर्च करणं हे भाड्याच्या घराला संगमरवर लावण्यासारखं आहे. काही जण म्हणतील, मग टाकून द्या आणि नवं घ्या. ज्यांच्या हाती पन्नास-साठ हजार आहेत त्यांनी खुशाल घ्यावं. आपल्या बहुतेक घरांत ते नाहीत, आणि कर्ज काढून गेमिंग मशीन घेऊ नये असं आम्हाला स्पष्ट वाटतं.

आता ज्येष्ठांची शंका. "सर, तुम्ही मुलांना गेमला उत्तेजन देताय." आम्हालाही काळजी आहे. पहाटे दोनपर्यंत खेळून सकाळच्या मिस्सेला जांभया देणारी मुलं आम्ही बघतो. पण रात्री किती वाजता बंद करायचं हा घराच्या शिस्तीचा प्रश्न आहे आणि कोणता भाग बदलायचा हा मशीनचा. दोन्ही एकत्र केले की आई मशीनवर राग काढते आणि मुलगा आईपासून खरेदी लपवतो. लपवलेली खरेदीच बहुतेक वेळा फसते, कारण तिच्यात दुसऱ्या कुणाची नजर नसते. आमच्या घरी तर आम्ही स्वतःच घाई केली, आणि दोष मुलाला दिला.

शेवटी काय ठरलं? एक ५०० जीबीची एसएसडी आणि रिकाम्या खाचेत वापरलेली ८ जीबी रॅमची पट्टी. दोन्ही मिळून पाच हजारांच्या आत. दोन पट्ट्या झाल्यानं रॅमचे दोन्ही मार्ग एकदम चालू लागले, हा वरचा फायदा. धूळ त्यानं आणि आम्ही मिळून काढली, आईनं जुना ब्रश दिला. उरलेले सात हजार त्यानं पोस्टात ठेवले, पुढच्या मशीनसाठी. फ्रेमचा आकडा फारसा वाढला नाही, हे त्याला आम्ही आधीच सांगितलं होतं. प्रोसेसर दमलेला आहे, तो दमलेलाच राहणार. पण मॅच वेळेवर उघडते आणि ते थिजणं जवळपास गेलं.

मशीन पहिल्यांदा झटकन चालू झालं तेव्हा त्याची आई मागेच उभी होती. म्हणाली, "एवढंच होतं व्हय? मला वाटलं सगळं नवीन पाहिजे म्हणतोय." पोरगा म्हणाला, "मलापण तसंच वाटत होतं, आई." मग ती खुर्ची ओढून बसली आणि त्यानं तिला एक मॅच दाखवली. तिला काही कळलं नाही, पण ती शेवटपर्यंत बसली. रात्री दहाला बंद करायचं हेही त्याच बैठकीत ठरलं. किती दिवस पाळतो ते बघू.

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला आहे. आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहतं. आम्ही तो दाखला वर्गात सांगतो तेव्हा मुलं ऐकून घेतात. त्या संध्याकाळी मात्र एका मुलानं तो स्वतःच्या बारा हजारांवर करून बघितला. आमच्यापेक्षा बरा केला.

तुमच्याही घरात असा एखादा जुना डबा आणि त्याच्यासमोर रुसलेलं एखादं पोरगं असेल, तर या आठवड्यात एक तास त्याच्या शेजारी बसा. "नेमकं काय खुपतंय?" एवढंच विचारा. पैशाचं नंतर बघता येईल.

प्रभू आपल्या घरांना शांती देवो.