ओरडा, यान पडतंय!

'प्रकल्प गटाने करावा' असं अभ्यासक्रमात छापलं की कॉलेजात काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. एक मुलगी रात्र जागून फाइल करते, मुखपृष्ठावर नावं पाच. तोंडी परीक्षेत उरलेले चौघे तिच्या तोंडाकडे बघतात. एकत्र शिकण्यावरचा माझा विश्वास असल्या फायलींनीच घालवला. थोडा परत आणला तो एका मोबाइल गेमने.

मॉन्ट्रियलच्या हेन्री स्मिथने 2012 साली 'स्पेसटीम' हा गेम काढला. सगळे एकाच यानात, पण प्रत्येकाच्या फोनवर वेगळ्या कळा, वेगळ्या चकत्या. गंमत अशी की माझ्या पडद्यावर हुकूम येतो तो बहुधा दुसऱ्याच्या कळेबद्दल. कोणाच्या, ते माहीत नाही. मग ओरडायचं. तेवढ्यात शेजारचा माझ्या नावाने ओरडत असतो, आणि वेळ संपत आलेली असते. लघुग्रह आले की सगळ्यांनी मिळून फोन हलवायचे. इथे कितीही हुशार माणूस एकट्याने यान चालवू शकत नाही; माहिती वाटूनच दिलेली आहे.

मूळ खेळातली यंत्रांची नावं निव्वळ अगडबंब. त्याच शहरातल्या कॉनकॉर्डिया विद्यापीठातल्या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांना त्यात वेगळंच काही दिसलं. स्मिथबरोबर त्यांनी 'स्पेसटीम ईएसएल' केला. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांसाठी, रोजच्या शब्दांचा.

आपल्याकडचा मराठी माध्यमातला मुलगा पदवीला येईपर्यंत इंग्रजी वाचतो, लिहितो, बोलत नाही. लोक हसतील, ही भीती. यान पडत असताना हसायला फुरसत कोणाला? शब्द पोचला की नाही, एवढंच उरतं. घरी भाच्याच्या मित्रमंडळीला मी हा खेळ खेळायला लावला, तेव्हा पाचव्या मिनिटाला व्याकरणाची लाज कुठल्या कुठे गेली होती. (शेजाऱ्यांनी बेल वाजवली, तो भाग सोडून देऊ.)

पण एक खोट तिथेच दिसली. मराठीत 'व' एकच. इंग्रजीत एक दातांनी ओठ दाबून म्हणायचा, दुसरा ओठांचा चंबू करून. चौघेही मराठी, त्यामुळे चौघांची चूक सारखी. सगळ्यांना सगळं कळत होतं आणि यान मजेत चाललं होतं. चूक करूनही जिंकता येतं, हे खेळाला कळत नाही. त्यासाठी वर्गात शिक्षक लागतो. त्यांनी डाव थांबवायचा, कोणता शब्द कोणाला कसा ऐकू आला ते फळ्यावर लिहायचं आणि पुन्हा खेळायला सोडायचं. गट पाडतानाही वेगवेगळ्या मातृभाषांची मुलं एकत्र बसवावीत. पुण्या-मुंबईच्या वसतिगृहांत त्यांची वाण नाही. शिवाय हा खेळ हुकूम द्यायला शिकवतो, गप्पा मारायला नाही. तेवढीच अपेक्षा ठेवावी.

मला मात्र त्याची मराठी आवृत्ती हवी आहे, नोकरीसाठी नव्याने इथे आलेल्यांसाठी. कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडेल, 'डावी कळ!' आणि लखनौहून आलेला मित्र 'कल' ऐकून अख्खं यान डावीकडे कलवेल.