मशीन म्हणालं, ‘ट्राय अगेन’!

‘तुझ्या गावाला कधी नेणार?’ विरार लोकलमध्ये हा प्रश्न ऐकून ऐकून शेवटी मी हात टेकले. जानेवारी २०२५, ४ तारीख, शनिवार. जुन्या ऑफिसातली आमची चौकडी आणि डेस्टिनेशन अर्थातच अर्नाळा. विरार वेस्टहून शेअर रिक्षा, वाटेत आगाशीला सुकेळ्यांची खरेदी, होडीतून किल्ला, दुपारी रिसॉर्टवर तळलेले बोंबील आणि मग अंधेरीकरांचं न संपणारं फोटो सेशन. एकदम झकास दिवस!

संध्याकाळी बिल आलं, ६,८४० रुपये. पाहुणे माझ्या गावात आलेले, मग कार्ड कुणाचं बाहेर निघणार? माझंच. वीकेंडच्या गर्दीत आमच्याकडचं नेटवर्क जे झोपतं ते झोपतंच. वेटर मशीन घेऊन आधी काउंटरपाशी, मग तुळशीपाशी, शेवटी थेट गेटपर्यंत गेला. मी मागोमाग पिन टाकायला. मशीनवरचं चक्र फिरफिर फिरलं आणि म्हणालं, ‘ट्राय अगेन’. त्याच क्षणी माझा मोबाइल वाजला, ‘६,८४० डेबिटेड’.

‘मॅडम, आमच्याकडे काहीच आलं नाही. परत मारा ना.’ मागे रांग, मैत्रिणींच्या हातात बॅगा. मारलं परत. या वेळी स्लिप आली आणि दुसरा एसएमएससुद्धा. ‘पहिले येतील आपोआप परत,’ असं तो म्हणाला आणि मैत्रिणी म्हणाल्या, ‘आमचं शेअर सोमवारी जीपे करतो गं!’ मी दिलदारपणे मान हलवली.

आता जरा गणित. खात्यात होते १७,३००. दोनदा ६,८४० गेल्यावर उरले ३,६२०. आणि ५ तारखेला माझ्या स्कूटरचा ईएमआय, ४,२५०. मला काही टेन्शन नव्हतं, कारण ५ तारीख रविवारी येत होती. रविवारी बँक बंद, म्हणजे हप्ता सोमवारी, तोवर मैत्रिणींचे पैसे आलेले असतील. लहानपणापासून डोक्यात बसलेला हा हिशेब. पण १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच, म्हणजे ज्या यंत्रणेतून आपला ईएमआय, एसआयपी आणि विजेचं ऑटो-पेमेंट कापलं जातं ती, आठवड्याचे सातही दिवस चालते. रविवारी सकाळी मी चहा पीत असताना हप्ता आला, ६३० रुपये कमी दिसले आणि गेला परत. बँकेचा बाउन्स चार्ज ५००, फायनान्स कंपनीचा ४५०, दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. ६३० कमी पडले म्हणून १,१२१ रुपयांचा फटका!

परदेशातल्या सिरियलींमध्ये ‘ओव्हरड्राफ्ट फी’ची रडारड ऐकली असेल. तिथे कार्डाचे पैसे उशिरा वळते होतात, तोवर खातं मायनसमध्ये जातं आणि बँक दंड लावते. आपल्याकडे साध्या सेव्हिंग्ज खात्यावर कार्ड मायनसमध्ये जाऊच देत नाही, सरळ नकार देतं. (एटीएममध्ये मात्र त्या नकाराचेही बऱ्याच बँका वीसेक रुपये लावतात. म्हणजे पैसे नाहीत म्हणून पैसे!) आपला ओव्हरड्राफ्ट म्हणजे हा बाउन्स चार्ज. नाव वेगळं, खिसा तोच.

सोमवारी कस्टमर केअरला फोन केला. ‘मॅडम, ऑटो रिव्हर्सल आहे, पाच दिवस वाट बघा.’ मी भडकलेच. माझा मावसभाऊ बँकेत आहे, त्याला फोन लावला. दादा हसून म्हणाला, ‘अगं, बरोबर सांगतोय तो.’ रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. कार्ड मशीनवर पैसे कापले पण दुकानदाराला कन्फर्मेशन पोचलं नाही, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत रक्कम परत यायला हवी. एटीएममधून नोटा आल्या नाहीत तरी पाच दिवस. यूपीआयने दुकानदाराला दिले आणि अडकले तरी पाच, मित्राला पाठवलेले अडकले तर एकच. ही मुदत उलटली की बँकेने दर दिवसाचे १०० रुपये भरपाई द्यायची, तीही तुम्ही तक्रार करण्याची वाट न बघता.

माझे पैसे ८ तारखेला परत आले. चौथा दिवस. म्हणजे बँक नियमाप्रमाणे वागली, रिसॉर्टवाला खरं बोलला, फायनान्स कंपनीने करारात लिहिलेलंच केलं आणि भुर्दंड फक्त मला! अडकलेले पैसे परत द्यायला पाच दिवसांची सवलत आहे. हप्त्याला पाच मिनिटांचीही नाही. या दोन घड्याळांच्या मधे जो सापडतो तो दंड भरतो. अडकलेल्या पैशांमुळे दुसरीकडे काय बाउन्स झालं, त्याबद्दल त्या परिपत्रकात अवाक्षर नाही. दादाच्या सल्ल्याने मी हप्ता आणि दंड त्याच आठवड्यात भरून टाकले. कारण १ जानेवारी २०२५ पासून कर्ज देणाऱ्या संस्था क्रेडिट ब्युरोला दर पंधरा दिवसांनी माहिती कळवू लागल्या, आधी ती महिन्याने जायची. शिवाय खात्यात पैसे नसल्यामुळे हप्ता परत जाणं हा २००७ च्या पेमेंट कायद्याच्या २५व्या कलमाखाली चेक बाउन्ससारखाच गुन्हा ठरू शकतो. एका हप्त्यासाठी कुणी कोर्टात खेचत नाही म्हणा, पण ते ऐकून माझी झोप उडाली ती उडालीच.

आणि ‘चेक दिलाय, वटायला दोन दिवस लागतील’ यावर विसंबणाऱ्यांनो, ते दिवसही गेले. ४ ऑक्टोबर २०२५ पासून बँकेत दिलेला चेक त्याच दिवशी वटायला लागलाय. पैसे खात्यातून जाण्याचा वेग वाढतोय, अडकलेले परत येण्याचा मात्र २०१९ चाच आहे.

मी काय बदललं? सगळ्यात आधी खाती वेगळी केली. ईएमआय आणि एसआयपीचं एक खातं, त्याचं कार्ड घरी कपाटात. मानधन आलं की हप्त्याची रक्कम आधी तिकडे. खर्चाच्या खात्यात कितीही गोंधळ झाला तरी हप्ता सुखरूप. दुसरं म्हणजे डेबिटचा मेसेज आला असेल तर दुसऱ्यांदा कार्ड द्यायचंच नाही. आधी मिनी स्टेटमेंट बघायचं, पैसे गेलेले दिसले तर दुसरीकडून भागवायचं आणि फेल झाल्याची स्लिप मागून घ्यायची. आणि दादाने शिकवलेला एक भारी शब्द, ‘व्हॉइड’. व्यवहार पूर्ण झाला पण रक्कम चुकली किंवा दोन स्लिपा निघाल्या, तर दुकानदाराने रात्री मशीनचा दिवसाचा हिशेब बंद करण्याआधी तिथेच व्हॉइड करून घ्यायचं. एकदा हिशेब बंद झाला की तो ‘रिफंड’ होतो आणि मग बसा दिवस मोजत.

मोबाइलवरच्या बॅलन्सवर तर माझा विश्वासच उडालाय. मनोरला जाताना खानिवड्याच्या टोलचा मेसेज कधीकधी घरी परतल्यावर येतो. तो येईपर्यंत ते पैसे माझे आहेत असं थोडंच आहे? आमच्या गल्लीत मासे विकणारी मावशी या बाबतीत माझ्यापेक्षा हुशार निघाली. तिचा क्यूआरचा स्पीकर दिवसभर ओरडतो, ‘दोनशे रुपये प्राप्त हुए’. पण ते खात्यात जमा होतात दुसऱ्या दिवशी सकाळी आणि बंदरावर माल घ्यायचा असतो पहाटे, रोखीत. ‘तो बोलतो त्याला बोलू दे, मी माझे पाटीतले मोजते,’ असं ती म्हणते. पहाटेच्या मालाचे पैसे ती आदल्या दिवशीच्या रोख विक्रीतून बाजूला काढून ठेवते.

गेल्या महिन्यात चौकडी पुन्हा आली. तेच रिसॉर्ट, तेच बोंबील, तोच गेटपर्यंतचा फेरफटका. मशीन फिरायला लागलं. वेटर म्हणाला, ‘परत मारू का?’ मी म्हटलं, ‘थांब दादा, आधी चहा सांग चार.’ चहा संपेपर्यंत ना मशीनची स्लिप आली, ना डेबिटचा मेसेज. मिनी स्टेटमेंटमध्येही काही नाही. मग पर्समधून नोटा काढून मोजल्या. मैत्रिणींना मात्र सांगितलं, तुमचं शेअर आत्ता, इथेच, होडी सुटायच्या आधी!