स्कूटरवरचे रणांगण आणि सोवळ्यातले टीकाकार

गाझियाबादेत मराठी माणसे थोडी. पण असतील तेवढ्यांना वर्षातून एकदा गणपतीच्या मांडवात व्याख्यान ऐकावेच लागते. यंदाचे वक्ते विद्वान होते, निदान निमंत्रणपत्रिकेत तसे छापले होते. त्यांनी अर्धा तास तरुण पिढीचे वाभाडे काढले आणि त्यातला बराचसा वेळ स्कूटरींवर खर्च केला.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. या शहरातली पोरे स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावर लढाऊ विमाने, क्षेपणास्त्रे, कवट्या आणि फौजी चट्टेपट्टे चिकटवून हिंडतात. हे असंस्कृत आहे. का? एक, स्कूटर हे जात्याच शांतताप्रिय, कुटुंबवत्सल वाहन. त्यावर युद्ध आणणे हा स्कूटरचा विनयभंग. दोन, अशी चित्रे पाहून पोरे हिंसक होतात. तीन, यात सैनिकांचा अपमान आहे. चार, हे सगळे दिसायला गावंढळ. उपाय? पोलिसांनी सरसकट पावत्या फाडाव्यात. टाळ्या पडल्या. मोदक गरम होते, म्हणून कुणी प्रश्न विचारले नाहीत. ते काम इथे करतो.

आधी किरकोळ मुद्दे. हिंसेचा मुद्दा जीटी रोडवर संध्याकाळी तासभर उभे राहिले की निकालात निघतो: उलट्या दिशेने अंगावर येणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेकांवर चित्र सोडा, धड नंबरसुद्धा नसतो. गावंढळपणाबद्दल बोलायचे, तर ज्या मांडवात हे भाषण झाले तिथल्या थर्माकोलच्या महालाला गुलाबी दिवे होते. आता मुख्य मुद्दा.

स्कूटर म्हणे शांततेचे वाहन! वक्त्यांनी ‘हमारा बजाज’ची जाहिरात पाहिली आणि स्कूटरचा इतिहास तिथेच सुरू झाला अशी समजूत करून घेतली. इतिहास इटलीत, टस्कनीतल्या पाँतेदेरा गावी सुरू होतो. तिथल्या पिआजिओ कंपनीचा धंदा विमानांचा. इटलीचे चार इंजिनांचे बाँबफेकी विमान पी-१०८ हे तिचेच. १९४४ संपेपर्यंत दोस्तांचे बाँब आणि माघार घेणाऱ्या जर्मनांचे सुरुंग यांनी मिळून तो कारखाना भुईसपाट केला. युद्ध हरलेल्या देशाला विमाने बांधता येईनात. मग कोरादिनो दास्कानियो नावाच्या विमान-अभियंत्याला दुचाकी काढायला सांगितले. त्याला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. हेलिकॉप्टर हा त्याचा खरा ध्यास. त्याने पुढचे चाक एकाच बाजूच्या दांड्यावर बसवले, विमानाचे चाक बसवतात तसे. सांगाडा काढून टाकला आणि पत्र्याच्या अंगालाच भार पेलायला लावला, तेही विमानाच्याच धर्तीवर. एप्रिल १९४६ मध्ये या गाडीचे पेटंट नोंदले गेले. तीच व्हेस्पा. वर्षभरात मिलानहून लॅम्ब्रेटा आली. इटलीत उतरलेल्या अमेरिकन फौजेच्या कुशमन स्कूटरी त्याआधीच तिथल्या रस्त्यांवरून धावून गेल्या होत्या; त्यातल्या एका जातीच्या स्कूटरी तर विमानातून छत्रीने खाली सोडण्यासाठीच बनवलेल्या.

जपानचीही तीच गोष्ट. लढाऊ विमाने बनवणाऱ्या नाकाजिमा कंपनीच्या वारसांनी १९४६ मध्ये रॅबिट स्कूटर काढली आणि सुरुवातीला तिला बाँबफेक्या विमानांची उरलेली शेपटीकडची चाके लावली. एवढ्यानेही कुणाचे समाधान होत नसेल तर फ्रान्सकडे पाहावे. १९५६ च्या सुमारास फ्रेंच छत्रीधारी पलटणींसाठी खास व्हेस्पा बनल्या. त्यांच्यावर ७५ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ आडवी बसवलेली असे. नळी पुढे, हँडलखालून बाहेर आलेली. तोफ वाहण्यासाठीच घडवलेली स्कूटर! तिच्यापुढे आमच्या गाझियाबादेतल्या नंदग्रामच्या पोराचे दीड फुटी स्टिकर म्हणजे संक्रांतीचा हलवा.

आणि आपल्या घरातले काय? १९६० च्या दशकात बजाजने आकुर्डीत पिआजिओच्या परवान्याने व्हेस्पा बनवल्या. परवाना संपला, १९७२ मध्ये बजाजची स्वतःची गाडी आली आणि तिचे नाव ठेवले ‘चेतक’. म्हणजे १५७६ च्या हळदीघाटीत राणा प्रतापाला पाठीवर घेऊन लढलेला घोडा. लखनौच्या सरकारी कारखान्याने आपल्या स्कूटरला ‘विजय’ म्हटले. वर्षानुवर्षे नंबर लावून आमच्या वडीलधाऱ्यांनी ही रणघोडी मिळवली, पुढे मुलगा उभा, मागे आई, डिकीत भाजी, आणि कुणाला कधी वाटले नाही की आपण युद्ध मिरवतो आहोत. वक्त्यांच्या वडिलांकडेही चेतक होती, हे त्यांनीच भाषणात भरल्या कंठाने सांगितले.

तेव्हा स्कूटरचा विनयभंग वगैरे काही झालेला नाही. बाई फौजी घराण्यातल्याच आहेत.

आता सैनिकांचा अपमान. या मुद्द्यावर मला राग येतो तो वेगळ्याच कारणाने. २०१८ मध्ये रॉयल एनफिल्डने ‘पेगॅसस’ ही दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीधाऱ्यांच्या ‘फ्लाइंग फ्ली’ मोटारसायकलची आठवण म्हणून गाडी काढली. जगभर एक हजार, भारतात अडीचशे. त्या १७८ सेकंदांत संपल्या. त्याच वर्षी टीव्हीएसने स्टार सिटीची ‘कारगिल’ आवृत्ती आणली. २०२१ मध्ये जावाने १९७१ च्या विजयाच्या पन्नाशीनिमित्त खाकी रंगाची गाडी आणली, टाकीवर भारतीय सैन्याचे बोधचिन्ह. २०१६ मध्ये तर बजाजने ‘व्ही’ आणली आणि सांगितले, हिच्यात विक्रांत युद्धनौकेचे पोलाद आहे. या सगळ्यावर सुसंस्कृत वर्गाची प्रतिक्रिया काय होती? ‘वारसा’, ‘मानवंदना’, ‘अभिरुची’. कंपनीने दोन लाखांत विकलेले युद्ध मानवंदना ठरते आणि पोराने तीनशे रुपयांत चिकटवलेले युद्ध अपमान ठरते. फरक फक्त पावतीवरच्या रकमेचा आहे, आणि हा फरक पाहणारी नजर स्वतःला संस्कृती म्हणवते.

विक्रांतचा विषय निघालाच आहे तर एक जुनी ठसठस मोकळी करतो. १९६१ मध्ये नौदलात आलेली ही नौका. डिसेंबर १९७१ मध्ये तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझार झोडपले. १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, शाळांच्या सहली तिथे जात. पुढे पैसे नाहीत म्हणून सगळ्यांनी हात वर केले आणि २०१४ मध्ये ती मुंबईतच दारूखान्याच्या धक्क्यावर तोडायला गेली. तेव्हा ‘भावनेच्या आहारी जाऊ नका, लोखंड ते लोखंड’ असे आम्हाला शिकवणारी माणसे याच सुसंस्कृत वर्तुळातली होती. वर्ष-दीड वर्षाने तेच लोखंड बजाजच्या गाडीच्या टाकीपाशी आले, तेव्हा त्यांचा ऊर भरून आला. अख्खे जहाज सांभाळण्यापेक्षा ते अंगठीएवढे करून विकत घेणे सोयीचे, हे मान्य. पण मग पोरांना देशभक्ती शिकवू नये.

पोरांबद्दलही बोलू, कारण मी काही त्यांचा वकील नाही. जीटी रोडला लागून रेडियमची दुकाने आहेत. अशाच एका दुकानात एक अ‍ॅक्टिव्हा उभी होती, नंबर यूपी-१४ चा. ऑपरेशन सिंदूरनंतरचे दिवस. पोराला पुढच्या पत्र्यावर ‘आपले राफेल’ हवे होते. कारागिराने मोबाइलमधले चित्र संगणकात घेतले, मशीनची सुई व्हिनाइलवरून कर्रकर्र फिरली, मग नको तेवढे व्हिनाइल चिमट्याने उपसून, साबणाच्या पाण्याचा फवारा मारून, प्लास्टिकच्या पट्टीने बुडबुडे कडेला सारत त्याने विमान बसवले. कडा उचलू नयेत म्हणून वर हीट गनची ऊब. हात सफाईचा होता. फक्त विमान राफेल नव्हते. हवा खेचणारे तोंड पोटाखाली, पंखांपुढे छोटे पंख नाहीत: ते अमेरिकी एफ-१६ होते, म्हणजे सरहद्दीपलीकडच्या हवाई दलाचे. पोरगा शत्रूचे विमान छातीवर लावून, हिंडनच्या हवाई तळावरून आपली खरी विमाने उठतात त्याच आकाशाखाली, अभिमानाने निघून गेला.

आता सांगा, या पोराला पावती फाडून द्यायची की दोन विमानांतला फरक सांगायचा? वक्त्यांचा उपाय पहिला. इथे दंडाची मोहीम नवी नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये गाझियाबाद आणि नोएडाच्या पोलिसांनी गाड्यांवरच्या जातीच्या स्टिकरांवर ती काढली होती, आणि जातीचा तोरा रस्त्यावरून उतरवणे योग्यच. महाराष्ट्राने मान वर करू नये. नंबरपाटीवर ४१४१ वळवून ‘दादा’ लिहिण्याची कला आपलीच. पण जातीचा तोरा आणि युद्धाची आठवण एका पावतीत बसवणे हा आळस आहे.

शिवाय जिथे खरी मनाई हवी तिथे कायदा आधीच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवतो. म्हणून तर ती पेगॅसस परदेशात हिरवी मिळाली आणि भारतात फक्त तपकिरी. नागरिकाने फौजी असल्याची बतावणी करू नये, हे त्यामागचे साधे शहाणपण. खासगी गाडीवर खोटेच ‘आर्मी’ लिहून टोलनाक्यावर रुबाब करणाऱ्याची पावती जरूर फाडा, मी पेन देतो.

आणखी एका ठिकाणी माझी कुणालाच सवलत नाही. बाजारात जर्मन घाटाची हेल्मेटे आणि लोखंडी क्रॉसची स्टिकरे मिळतात, आणि ‘स्टाइल आहे’ म्हणून लोक ती लावतात. २००६ मध्ये नवी मुंबईत हिटलरच्या नावाचे उपाहारगृह उघडले होते. ज्यूंनी निषेध केल्यावर नाव बदलावे लागले. तेव्हाही ‘एवढे काय त्यात’ म्हणणारे होते. ज्या कोकणात बेने इस्रायल ज्यू शतकानुशतके तेलाचे घाणे चालवत मराठी बोलत राहिले, त्या कोकणाच्या उंबरठ्यावर हे म्हणणे निर्लज्जपणाचे होते. कत्तल करणाऱ्यांची चिन्हे शोभेची नसतात. वक्त्यांच्या लांबलचक यादीत नेमके हेच नव्हते.

मग माझे म्हणणे काय? युद्ध स्कूटरवर काढा, पण खरे काढा. नाव, गाव, साल यांसह. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाँतेदेरा बेचिराख होत होते त्याच उन्हाळ्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले आणि पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी तोच मान जिवंतपणी मिळवला. ज्या भूमीत स्कूटर जन्मली, तिथे आपल्या माणसांचे रक्त सांडले आहे. एका तरी स्कूटरवर त्यांचे नाव कुणी पाहिले आहे? गाझियाबादच्या पोराला त्याहून जवळचे हवे असेल, तर ३० आणि ३१ मे १८५७ रोजी दिल्लीहून निघालेले बंडवाले शिपाई मेरठहून आलेल्या इंग्रजी फौजेशी याच हिंडन नदीच्या काठी भिडले होते. त्याच नदीवरचा पूल ओलांडून हा पोरगा रोज कामाला जातो.

तेव्हा पुढच्या वर्षीच्या वक्त्यांना आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना विनंती: व्याख्यानाचे मानधन वाचवा. तेवढ्या पैशात घाडगे, जाधव आणि हिंडन अशी तीन नीट रेखाटने करून घ्या, खाली नाव आणि तारीख घाला, आणि जीटी रोडवरच्या रेडियमवाल्यांना फुकट देऊन या.