नाचघर वाचलं, तबकड्यांचं काय?

२ फेब्रुवारी १९५९. सोमवारची रात्र. अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं क्लिअर लेक हे छोटंसं गाव. चहूकडे मक्याची शेतं, त्यावर बर्फ आणि हाडं गोठवणारं वारं. पण गावातल्या ‘सर्फ बॉलरूम’ या नाचघरात मात्र घामाघूम होईस्तोवर धमाल चाललेली! सव्वा डॉलरचं तिकीट काढून हजाराहून जास्त तरुण-तरुणी आत शिरलेल्या. कारण मंचावर होता बडी हॉली. वय २२, डोळ्यांवर काळ्या जाड चौकटीचा चष्मा आणि हातात गिटार. सोबत १७ वर्षांचा रिची व्हॅलेन्स आणि ‘बिग बॉपर’ या नावानं गाजलेला २८ वर्षांचा जे. पी. रिचर्डसन.

या तिघांना त्या गावात आधी कुणी पाहिलेलं नव्हतं. पण त्यांचे आवाज मात्र पोरांच्या चांगल्या ओळखीचे होते. ते पोचवले होते रेडिओनं आणि जूकबॉक्सनं. पाच-दहा सेंटचं नाणं टाकायचं, बटण दाबायचं आणि काचेआड तबकडी फिरताना पाहायची. रॉक अँड रोल घराघरांत शिरण्याआधी कॉफीच्या दुकानांत शिरला, तो असा.

कार्यक्रम संपला. तीन आठवडे चालायच्या त्या दौऱ्याचं नावच ‘विंटर डान्स पार्टी’ होतं. २४ दिवसांत २४ कार्यक्रम, आणि प्रवास बसनं. बसमधलं हीटर वारंवार बंद पडायचं. बडीच्या ड्रमरचे पाय हिमदंशानं सुजले आणि त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. पुढचा मुक्काम मिनेसोटातलं मूरहेड. पुन्हा त्या गोठलेल्या बसमध्ये बसण्यापेक्षा बडीनं चार जणांचं छोटं विमान ठरवलं. माणशी ३६ डॉलर. त्याच्या वाद्यवृंदातला वेलन जेनिंग्ज जाणार होता. पण तापानं फणफणलेल्या बिग बॉपरला त्यानं आपली जागा दिली. दुसऱ्या जागेसाठी नाणं उडवण्यात आलं. त्यात रिची व्हॅलेन्स जिंकला.

मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास विमान उडालं आणि काही मिनिटांतच बर्फाळ शेतात कोसळलं. तिघे गायक आणि २१ वर्षांचा वैमानिक, कुणीच वाचलं नाही. हवामान बिघडत होतं आणि केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालवण्याचा परवाना वैमानिकाकडे नव्हता, असं चौकशीत निघालं. मूरहेडचा कार्यक्रम मात्र रद्द झाला नाही. तिथं वेळ मारून न्यायला उभा राहिला बॉबी व्ही नावाचा जवळच्याच फार्गो शहरातला १५ वर्षांचा पोरगा! बारा वर्षांनी, १९७१ साली, डॉन मॅकलिननं ‘अमेरिकन पाय’ या गाण्यात ती पहाट गुंफली आणि ‘संगीत मेलं तो दिवस’ अशी त्या तारखेची ओळख जगभर झाली.

समुद्र नसलेल्या गावातली लाट

‘सर्फ’ म्हणजे किनाऱ्यावर फुटणारी लाट. आयोवापासून समुद्र शेकडो मैल दूर! म्हणूनच हे नाचघर बांधणाऱ्यांनी समुद्रकिनारा आत आणला. भिंतींवर लाटांची चित्रं, ताडामाडांची झाडं, अननसांची नक्षी. छतावर यंत्रानं सोडलेले हलते ढग. मध्ये मेपलच्या लाकडाची गुळगुळीत जमीन आणि भोवती बसायला बाकांच्या रांगा. मंदीच्या काळात, १९३३ साली पहिलं नाचघर उभं राहिलं. ते १९४७ साली आगीत जळालं. पुढच्याच वर्षी, १९४८ साली, रस्त्यापलीकडे नवं उभं राहिलं. बडी हॉली गायला तो हाच मंच.

अशी नाचघरं अमेरिकेच्या मध्यभागात तेव्हा शेकड्यांनी होती. आधी तिथं मोठमोठे बॅण्ड वाजायचे. मग टीव्ही आला, लोक घरी बसू लागले. मोठे वाद्यवृंद परवडेनासे झाले. कुठल्या नाचघराचं गोदाम झालं, कुठलं पाडून वाहनतळ झाला. ‘सर्फ’वरही वाईट दिवस आले. पण १९९४ साली स्थानिक बांधकाम व्यवसायातल्या एका कुटुंबानं ते विकत घेऊन डागडुजी केली. पुढे त्याचा कारभार ना-नफा संस्थेकडे गेला. १९७९ पासून दर फेब्रुवारीत तिथं जुन्या गाण्यांचा मेळा भरतो. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकन सरकारनं या वास्तूला ‘राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक’ हा दर्जा दिला.

नाचघर कशामुळे वाचलं? त्याला कुलूप लावून नव्हे! तिथं आजही कार्यक्रम होतात, जोडपी त्याच मेपलच्या जमिनीवर पावलं टाकतात. वापरात राहिली म्हणून वास्तू टिकली.

जूकबॉक्समधल्या तबकड्यांचं गणित मात्र नेमकं उलटं आहे. नाचघर वापरानं जगतं, तबकडी वापरानं मरते. दर वेळी सुई खाचेतून फिरली की खाच थोडी झिजते. आणि जूकबॉक्समध्ये सर्वांत जास्त झिजतं, ते लोकांचं सर्वांत लाडकं गाणं!

आपल्या पळसावरची लाख

या तबकड्यांची कुळकथा शोधायला गेलं की माणूस थेट भारतात येऊन पोचतो. जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या बनायच्या त्या लाखेपासून. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर लाखेचे किडे जो चिकट लेप चढवतात, तो खरवडून, वितळवून, गाळून त्याचा चपडा करतात. जगाला पुरणारी ही लाख मुख्यतः छोटा नागपूरच्या पठारावरून, म्हणजे आजच्या झारखंड आणि आसपासच्या भागातून जायची. रांचीजवळच्या नामकूमला लाख संशोधन संस्था सुरू झाली, ती १९२४ साली. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा पुरवठा आटला, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकन सरकारनं तबकड्यांसाठी ती वापरण्यावर कडक बंधनं घातली. जंगलात लाख गोळा करणाऱ्या आदिवासी बाईच्या कष्टावर शिकागोच्या बारमधलं गाणं अवलंबून होतं, हे कुणाला सांगून पटेल?

युद्धानंतर चित्र पालटलं. १९४८ च्या अखेरीस सीबर्ग कंपनीनं ५० तबकड्यांच्या दोन्ही बाजू वाजवणारा, म्हणजे १०० गाण्यांचा जूकबॉक्स बाजारात आणला. त्याआधीच्या यंत्रांत वीस-चोवीस गाण्यांवर भागवावं लागे. १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टर कंपनीनं सात इंची, ४५ फेऱ्यांची प्लास्टिकची छोटी तबकडी काढली. ती हलकी, न फुटणारी आणि मधोमध दीड इंचाचं मोठं भोक असलेली. जूकबॉक्सच्या यांत्रिक हाताला ती झेलायला सोपी. रॉक अँड रोलची लाट आली, तेव्हा यंत्र आणि तबकडी दोन्ही तयार होती.

जूकबॉक्सचा मालक सहसा हॉटेलवाला नसायचा. ‘ऑपरेटर’ यंत्र ठेवून जायचा, ठरल्या दिवशी गल्ला उघडायचा आणि नाणी वाटून घ्यायचा. कुठलं गाणं कितीदा वाजलं, याकडे त्याचं बारीक लक्ष. न चाललेली तबकडी काढायची, नवी घालायची. ज्या काळात काही रेडिओ केंद्रं काळ्या गायकांची गाणी लावायला नाखूश असत, त्या काळात जूकबॉक्सला नाण्याखेरीज दुसरा रंग दिसत नव्हता. अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ नियतकालिकात तर जूकबॉक्सवर सर्वाधिक वाजलेल्या गाण्यांची स्वतंत्र यादी १९५७ पर्यंत छापली जायची.

आपल्याकडेही ही जादू पोचलीच. मुंबई-पुण्याच्या कित्येक इराणी हॉटेलांत जूकबॉक्स होता. खिशात कटिंग चहापुरते पैसे, त्यातली चवन्नी यंत्रात टाकली की चहा गेला, पण गाणं मिळालं! रॉक अँड रोलचा ठेका तोवर हिंदी सिनेमातही आला होता. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५७ च्या ‘आशा’मध्ये ‘ईना मीना डीका’ बांधलं आणि किशोरकुमार व आशा भोसले यांच्या आवाजात ते घराघरांत गेलं. मुंबईतल्या गोवेकर वादकांनी अशा गाण्यांत ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे रंग भरले. आज ते यंत्र नाही, आणि त्यात टाकायची चवन्नीही ३० जून २०११ नंतर चलनातून गेली.

मूळ फीत जळाली तर?

‘जुन्या तबकड्या कशाला जपायच्या? सगळी गाणी मोबाइलवर आहेत की!’ असं घरोघरी ऐकू येतं. त्याचं उत्तर एका आगीत आहे. १ जून २००८ रोजी हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली. तिथल्या गोदामात ध्वनिमुद्रणाच्या मूळ फिती होत्या. नुकसान किती, हे जगाला कळलं ते ११ वर्षांनी. जून २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं त्यावर सविस्तर वृत्तान्त छापला. ज्यांच्या मूळ फिती जळाल्याचं त्यात म्हटलं होतं, त्या कलावंतांत बडी हॉलीचंही नाव होतं. नुकसान इतकं मोठं नव्हतं, असा खुलासा कंपनीनं नंतर केला. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. एकाच कोठारावर भरवसा ठेवून चालत नाही.

बडी हॉलीची गाणी अर्थात संपणार नाहीत. त्याच्या तबकड्या जगभर विखुरल्या आहेत. प्रश्न आहे तो नाव न झालेल्यांचा. छोट्या गावातल्या छोट्या कंपनीनं चार-पाचशे तबकड्या काढल्या, कंपनी बुडाली, फीत कचऱ्यात गेली. अशा गाण्याची शिल्लक राहिलेली प्रत एखाद्या बंद पडलेल्या जूकबॉक्सच्या पोटात असू शकते. म्हणून जुनं नाचघर किंवा हॉटेल मोडीत निघतं, तेव्हा खरी कसोटी लागते. संग्राहक येतात, किमती चार तबकड्या उचलतात आणि उरलेला ढीग भंगारात जातो. पण त्या शंभर तबकड्या एकत्र असतात, तेव्हा त्या एका गावाच्या आवडीनिवडीचा दस्तऐवज असतात. गाण्यांच्या नावांच्या टंकलिखित चिठ्ठ्या आणि लेबलवरची ऑपरेटरची खूण यांतूनच कळतं, की त्या गावात, त्या वर्षी कशावर पावलं थिरकली.

मग वाजवायचं की जपायचं? जाणकारांनी मधला रस्ता काढला आहे. मूळ तबकडी स्वच्छ करून, चांगल्या सुईनं वाजवून तिचं डिजिटल मुद्रण करून घ्यायचं आणि ती बाजूला जपून ठेवायची. जूकबॉक्समध्ये घालायची ती त्याच गाण्याची नवी किंवा दुसरी प्रत. यंत्रही चालू राहतं आणि मूळ ऐवजही झिजत नाही.

तुमच्या माळ्यावरचा खजिना

आजोबांच्या ट्रंकेत, माळ्यावर तुमच्याकडेही तबकड्या असतील. आधी एवढं करा. तबकड्या एकीवर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. तिरक्या कलल्या तर वाकतात. ऊन आणि स्वयंपाकघराची धग टाळा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बुरशी हा मोठा शत्रू, तेव्हा दमट भिंतीला लागून कपाट नको. जुनी, चिकट झालेली प्लास्टिकची पाकिटं बदला. छापील कव्हर मात्र टाकू नका.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ७८ फेऱ्यांची तबकडी चुकूनही स्पिरिटनं पुसू नका! सुतार लाकडाला पॉलिश करायला चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतो, हे आठवा. तबकडीचंही तेच होईल. मऊ ब्रशनं धूळ झटका. प्लास्टिकची तबकडी मळलीच असेल, तर शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून मऊ कापडानं खाचेच्या दिशेनं पुसा आणि लेबल कोरडं ठेवा. ७८ च्या तबकडीला जाड टोकाची वेगळी सुई लागते. एलपीची बारीक सुई तिच्यावर चालवू नका. आणि तबकडी वाजवताना घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. ही कुठे घेतली, कुणी दिली, कोणाच्या लग्नात वाजली, हे लिहून ठेवा. तबकडीवरचे ओरखडे डिजिटल मुद्रणात पुसता येतात, पण आठवण एकदा गेली की परत मिळत नाही.

‘सर्फ बॉलरूम’च्या दर्शनी भागातला एक टेलिफोन आजही दाखवतात. बडी हॉलीनं त्या रात्री आपल्या पत्नीला शेवटचा फोन इथूनच केला, असं सांगतात. लोक तिथं थबकतात, रिसीव्हरकडे बघत राहतात. त्यावरून आता काहीच ऐकू येत नाही. त्याच्या तबकड्यांचं तसं नाही. कुणीतरी त्या झटकून, नीट उभ्या ठेवल्या, म्हणून २२ वर्षांचा तो पोरगा अजून गातो आहे.