मित्रांच्या आईवडिलांचे नंबर

औषधांच्या दुकानात आणि ऑनलाइनही लघवीची तपासणी करायची एक पट्टी मिळते. मुलाने गांजा ओढला आहे का, हे तिच्यावरून पाच मिनिटांत कळतं असं पाकिटावर लिहिलेलं असतं. या पट्टीबद्दल विचारणारे पालक हल्ली बरेच भेटतात. मुलगा किंवा मुलगी दहावी ते बारावीच्या मधे कुठेतरी, कधी नववीतच. प्रश्न साधारण एकच असतो: त्याला कळू न देता ही तपासणी करता येईल का? मी प्रत्येकाला सांगते, करू नका. पहिलं पाऊल म्हणून तर नाहीच.

नशा आणणारा गांज्यातला घटक, टीएचसी, शरीरातल्या चरबीत साठतो आणि सावकाश बाहेर पडतो. एखाद्याच वेळी ओढलेल्या मुलाच्या लघवीत तो साधारण तीन दिवस सापडतो. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो सोडल्यानंतर महिनाभरही सापडू शकतो. म्हणजे मित्राच्या वाढदिवशी गच्चीवर दोन झुरके मारलेला मुलगा आणि रोज क्लास बुडवून ओढणारा मुलगा, पट्टीच्या लेखी दोघे सारखेच. तीन आठवड्यांपूर्वी स्वतःच्या हिमतीवर सोडलेला मुलगाही तिच्यावर दोषीच ठरतो, आणि घरचे त्याला खोटारडा म्हणतात. शिवाय व्हाइटनर, थिनर, सोल्यूशन हुंगणाऱ्या मुलाबद्दल ही पट्टी काहीच सांगत नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. हुंगायचे पदार्थ ही एकच नशा अशी निघाली, जिचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त होतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मुलाच्या संमतीने, उपचाराचा भाग म्हणून तपासणी जरूर व्हावी. चोरून केलेली तपासणी मात्र घरातलं बोलणंच बंद करते.

मग ओळखायचं कसं?

काही खुणा डोळ्यांना दिसतात. डोळे लाल होतात, म्हणून दप्तरात डोळ्यांच्या थेंबांची बाटली येते. तोंडाला कोरड पडते. जेवण झाल्यावर तासाभरात फ्रिज रिकामा करण्याइतकी भूक लागते. बोलता बोलता वाक्य मधेच हरवतं. कपड्यांना जळलेल्या पाल्याचा उग्र वास येतो, आणि कधीही उदबत्ती न लावणारं पोर अचानक खोलीत उदबत्ती लावू लागतं. पातळ कागदांची छोटी पाकिटं, कागदाचे तयार कोन, व्हिजिटिंग कार्डाच्या फाडलेल्या आणि गुंडाळलेल्या पट्ट्या, आतून दाते असलेली धातूची गोल डबी म्हणजे क्रशर. ‘माल’, ‘स्टफ’, ‘वीड’, ‘जॉइंट’ हे शब्द तर आता कॉलेजच्या कट्ट्यावर उघड बोलले जातात. कागद आणि क्रशर यांचा घरात दुसरा उपयोग नसतो. बाकी खुणांचं तसं नाही. रात्री दोनपर्यंत मोबाइल पाहणाऱ्या मुलाचेही डोळे लालच असतात.

मला जास्त महत्त्वाच्या वाटतात त्या सहा महिन्यांत मिळून दिसणाऱ्या खुणा. सातवीपासूनचे मित्र घरी यायचे बंद होतात, आणि नव्या मित्रांची नुसती टोपणनावं ऐकू येतात, चेहरे दिसत नाहीत. क्रिकेटची बॅट किंवा तबला कोपऱ्यात पडून राहतो. क्लासचे, रिक्षाचे पैसे पुरेनासे होतात. बाहेरून आलं की सरळ खोलीत, कुणाच्या जवळ न थांबता. या वयात मुलं थोडी तुटकच वागतात, म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करून काही हाती लागत नाही. आपलाच मुलगा दिवाळीत कसा होता आणि आता कसा आहे, एवढंच पाहावं.

नैराश्यात, प्रेमभंगात, वर्गात कुणी छळत असलं तर, नीटच्या किंवा जेईईच्या क्लासमध्ये आपण मागे पडतोय हे कळल्यावरही मूल अगदी असंच वागतं. म्हणून “तू गांजा ओढतोस का?” यापेक्षा “गेले काही महिने तू माझ्या ओळखीचा वाटत नाहीस, काय झालंय?” हा प्रश्न मला योग्य वाटतो. कारण काहीही निघालं तरी तो वाया जात नाही.

मुलांना खोटी भीती घालू नये असं माझं ठाम मत आहे. दर 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, शाळांमध्ये कवटीची चित्रं काढून घेतली जातात. एका झुरक्याने आयुष्य संपतं, असं मुलांना सांगितलं जातं. मूल आजूबाजूला पाहतं. ओढणारा मित्र चाचणीत पास झालेला असतो, हसत-खेळत असतो. त्या दिवसापासून मोठ्यांच्या बाकीच्या म्हणण्यावरचाही त्याचा विश्वास उडतो.

खरं तेवढं सांगितलं तरी पुरेसं आहे. मेंदूची बांधणी पंचविशीपर्यंत चालू असते, आणि गांजा नेमका लक्ष आणि स्मरणशक्ती यांवर घाला घालतो. एकूण ओढणाऱ्यांपैकी अकरात एकाला त्याची सवय जडते असा अंदाज आहे, किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांमध्ये मात्र सहांत एकाला. स्वीडनमध्ये लष्करी भरतीच्या पंचेचाळीस हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला गेला, त्याचे निष्कर्ष 1987 मध्ये प्रसिद्ध झाले. भरतीच्या वेळी पन्नासहून अधिक वेळा गांजा-चरस ओढलेल्यांना पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळलं. यात गांज्याचा वाटा किती आणि आधीपासूनच्या प्रवृत्तीचा किती, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे, आणि बहुतेक ओढणाऱ्यांना हा आजार होत नाही. पण घरात कुणाला असा आजार असेल तर धोका वाढतो, हे नक्की. आणि आपण नेमकं तेच मुलांपासून लपवतो. काका “जरा विक्षिप्त होते”, आत्याची “तब्येत बरी नसायची”, एवढ्यावर विषय मिटतो. ज्या मुलाला हे सगळ्यांत आधी कळायला हवं, त्यालाच ते माहीत नसतं.

मुलांकडेही मुद्दे असतात आणि ते ऐकून घ्यायला हवेत. झाडच आहे, भांग चालते मग हे का नाही, परदेशात कायदेशीर आहे. यातलं थोडं खरं आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांज्याच्या व्याख्येत शेंडे आणि फुलोरा धरला, नुसती पानं वगळली. कॅनडाने 2018 मध्ये विक्री कायदेशीर केली. पण तिथेही बहुतेक प्रांतांत वयाची अट 19 वर्षांची आहे आणि क्वेबेकने ती वाढवून 21 केली. अमेरिकेतल्या ज्या राज्यांनी मोठ्यांना हौसेखातर ओढायला परवानगी दिली, तिथेही 21. ज्यांनी दार उघडलं त्यांनीही शाळकरी मुलांना बाहेरच ठेवलं आहे, हे मुलापुढे ठेवावं. “आमच्या काळी कॉलेजात सगळेच ओढायचे” म्हणणाऱ्या बाबांनाही सांगायला हवं, की बँकॉकहून येणारा जो हायड्रोपोनिक गांजा मुंबई विमानतळावर कस्टम्सवाले वारंवार पकडतात, त्याची ताकद त्यांच्या काळच्या मालापेक्षा कितीतरी जास्त असते.

समजा, कळलं. पुडी सापडली. त्या रात्री काही बोलू नये. नशेतल्या मुलाशी झालेलं बोलणं त्याच्या लक्षात राहत नाही, आणि संतापलेल्या बापाचं बोलणं आयुष्यभर राहतं. मूल घाबरलेलं असेल, छाती धडधडत असेल, तर त्याच्याजवळ बसावं. भास होत असतील, शुद्ध हरपत असेल, तर थेट दवाखाना गाठावा. दुसऱ्या दिवशी आईबाबांनी आधी आपसात एकमत करावं आणि मगच त्याच्यासमोर बसावं. “कुणी दिलं?” हा प्रश्न पहिला येतो, तो मागे ठेवावा. त्याने मूल मित्राला वाचवायला खोटं बोलू लागतं. “कधीपासून, किती वेळा, आणि ओढल्यावर तुला काय बरं वाटतं?” यातला शेवटचा प्रश्न आईला फार जड जातो. पण झोप येते म्हणून, क्लासचा ताण विसरतो म्हणून, की सगळे ओढतात म्हणून, हे कळल्याशिवाय पुढचं काही ठरवता येत नाही.

अनेक घरं पोलिसांच्या भीतीने मदत मागत नाहीत. गांजा ओढणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण 1985 च्या त्याच अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64-अ नुसार, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यसनीला ओढण्याच्या आणि अल्प प्रमाणात बाळगण्याच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला मात्र सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. सरकारच्या 14446 आणि 14416 या हेल्पलाइन आहेत. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. मुलाला गाडीत कोंबून नेणाऱ्या, आईवडिलांना भेटू न देणाऱ्या केंद्रांच्या मात्र वाऱ्यालाही उभं राहू नये. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे दाखल केलेल्या अल्पवयीन मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि त्याच्यासोबत घरचं किंवा घरच्यांनी नेमलेलं माणूस राहावं लागतं.

सोडल्यावरचे पहिले पंधरा दिवस त्रासाचे असतात. झोप उडते, जेवण जात नाही, मूल चिडचिड करतं. घरच्यांना वाटतं, पुन्हा सुरू केलं. बहुतेक वेळा ती सोडल्याचीच खूण असते.

आता मथळ्याकडे येते. आइसलँडमध्ये 1998 साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 17 टक्क्यांनी गांजा-चरस घेऊन पाहिलेलं होतं. 2016 मध्ये ते प्रमाण 7 टक्क्यांवर आलं. मागच्या महिनाभरात दारू पिऊन झिंगलेल्यांचं प्रमाण 42 वरून 5 टक्क्यांवर आलं. त्यांनी खेळ आणि कलांसाठी पैसा दिला आणि मुलांनी रात्री बाहेर राहण्यावर वेळेचं बंधन घातलं. याखेरीज शाळाशाळांतल्या पालकांनी एकत्र बसून करार केले: मुलांना नशेचं काही द्यायचं नाही, कुणी मोठं माणूस नसताना घरात पार्टी होऊ द्यायची नाही, एकमेकांच्या मुलांवर नजर ठेवायची. तो छोटा देश आहे, त्याची जशीच्या तशी नक्कल आपल्याला जमणार नाही. पण पालकांच्या कराराला पैसा लागत नाही.

आपल्याकडे पाच वाजता क्लासला निघालेलं मूल साडेनऊला घरी येतं, आणि मधल्या वेळात त्याच्यावर कुणाचीच नजर नसते. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, त्यावर वेळापत्रक आणि गृहपाठ फिरतो. ज्याच्या घरी पुडी सापडली तो बाप त्या ग्रुपवर गप्प राहतो. त्याच मित्रांच्या टोळक्यातल्या दुसऱ्या मुलाची आईही तेच कारण मनात धरून गप्प असते: लोक काय म्हणतील. त्यामुळे एकाच गच्चीवर बसणाऱ्या पाच मुलांची पाच घरं आपापल्या दाराआड झुरत राहतात. तुमच्या मुलाच्या पाच मित्रांच्या आईवडिलांचे नंबर तुमच्याकडे आहेत का? नसतील तर ती पट्टी विकत घेण्याआधी ते मिळवा. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे, तरी टपरीवर सिगारेटी आणि ते कागद मिळतात. एका बापाच्या तक्रारीकडे कुणी लक्ष देत नाही, दहा पालक मिळून गेले तर द्यावं लागतं.

हेच दहा पालक पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेत एक प्रश्न लेखी विचारू शकतात: शाळेत एखादं मूल गांज्यासह सापडलं तर शाळा काय करते? आज बऱ्याच ठिकाणी दाखला हातात देऊन ते मूल गुपचूप काढून टाकलं जातं. मग ते मूल दुसऱ्या शाळेत जातं किंवा कुठेच जात नाही, आणि इथे उरलेल्या त्याच्या चार मित्रांशी कुणी बोलत नाही. दाखला देण्याआधी समुपदेशक, पालकांची भेट आणि उपचार ही तिन्ही पावलं उचलली जातील, एवढं शाळेकडून लिहून घ्या. कुणाचंही मूल सापडण्याआधी ते लिहून घ्या, कारण नंतर बोलायची ताकद त्या घरात उरलेली नसते.