कोडे घालणाऱ्याचे कर्तव्य

कोडे सोडविणाऱ्याचे सर्वत्र कौतुक होते. चार मंडळी जमली, की कोणी तरी कोडे घालतो आणि ज्याला त्याचे उत्तर प्रथम सापडते त्याच्या बुद्धीची सारे प्रशंसा करतात. ज्याने ते कोडे रचले, त्याची मात्र कोणाला आठवणही होत नाही. कोडे सोडविल्याने बुद्धी तरतरीत होते, हे खरेच. परंतु कोडे रचल्याने बुद्धीबरोबर न्यायबुद्धीही वाढते, असे माझे मत आहे. एका चित्रकोड्याच्या आधारे ते मी तुमच्यापुढे मांडतो.

हे कोडे चौकटींचे असते. प्रत्येक आडव्या ओळीच्या डावीकडे आणि प्रत्येक उभ्या रकान्याच्या वर काही अंक लिहिलेले असतात. सलग किती घरे काळी करावयाची, हे ते अंक सांगतात. ‘३’ म्हणजे लागोपाठ तीन घरे काळी. ‘१ १’ म्हणजे दोन सुटी घरे काळी आणि त्यांच्यामध्ये निदान एक घर पांढरे. सर्व अंक पाळून घरे रंगविली, की चित्र प्रकट होते. मोजून मांडलेल्या ठिपक्यांतून रांगोळी उमटविणाऱ्या आपल्या मुलींना ही कल्पना परकी वाटणार नाही. या कोड्याचा जन्म मात्र जपानात झाला. उंच इमारतीच्या खिडक्यांतील दिवे लावून व विझवून चित्र साकारण्याची कल्पना नॉन इशिदा या महिलेने १९८७ साली एका स्पर्धेत मांडली व तीतूनच पुढे ही कोडी निघाली. त्याच सुमारास तेत्सुया निशिओ यांनीही स्वतंत्रपणे अशीच कोडी रचली. इशिदा यांच्या नावावरून या कोड्यास ‘नोनोग्राम’ म्हणतात.

आपणही एक कोडे रचून पाहू. तलवाड्याच्या टेकडीवर त्वरिता देवीचे मंदिर आहे. मंदिराचीच एक साधी आकृती घेऊ. पाच ओळी व पाच रकाने आखा. पहिल्या ओळीतील मधले घर काळे करा, हा कळस. दुसऱ्या ओळीतील मधली तीन घरे म्हणजे शिखर. तिसरी ओळ पूर्ण काळी, ते छत. चौथ्या व पाचव्या ओळींत दुसरे व चौथे घर काळे करा. ते दोन खांब. ओळींचे अंक झाले १, ३, ५, ‘१ १’ आणि ‘१ १’. रकान्यांचे १, ४, ३, ४ आणि १. आता केवळ अंक व कोऱ्या चौकटी मित्राच्या हाती द्या. तो प्रथम पाचाची ओळ भरील. तेवढ्याने पहिल्या व शेवटच्या रकान्यांचा ‘१’ पुरा होईल. मग शिखर व खांब यांना मधल्या तीन रकान्यांतच जागा उरेल आणि शेवटी कळस आपोआप सापडेल. कोठेही अंदाजाने घर रंगवावे लागणार नाही.

अशी कोडी रचण्यास संगणकावरील स्प्रेडशीट फार सोयीची आहे. हा घरांचा तक्ता मुळात हिशेबासाठी निर्माण झाला. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचा ‘व्हिजिकॅल्क’ १९७९ साली प्रसिद्ध झाला. रकान्यांची रुंदी कमी केली, की घरे चौरस होतात. घरात १ लिहिताच ते काळे व्हावे, असा नियम तक्त्याला घालून देता येतो. कडेला बेरजेचे सूत्र लिहिले, की काळी घरे मोजली जातात. आपल्या मंदिराची ओळींकडून बेरीज १३ आणि रकान्यांकडूनही १३ येते. ती जुळली नाही, तर कोठे तरी चूक आहे असे समजावे.

परंतु बेरीज जुळली म्हणून कोडे निर्दोष ठरत नाही. खांबांच्या ओळीची बेरीज २ येते. ती दोन घरे जोडून आहेत की सुटी, हे ती बेरीज सांगत नाही. याहून मोठा दोष पाहा. दोन ओळी व दोन रकाने घ्या आणि चारही ठिकाणी ‘१’ लिहा. बेरीज दोन्हीकडून २ येईल; पण काळी घरे एका कर्णावर असोत वा दुसऱ्या, दोन्ही उत्तरे बरोबरच! तुमच्या मनात एक उत्तर आहे आणि मित्राने दुसरे काढले. तुम्ही त्यास ‘चूक’ म्हणालात, तर दोष कोणाचा? त्याने एकही नियम मोडलेला नाही. दोष कोडे घालणाऱ्याचा आहे. आणखी एक घर काळे करा. अंक बदलतील आणि उत्तर एकच उरेल.

म्हणून कोडे रचणाऱ्याने आपले उत्तर क्षणभर विसरून, सोडविणाऱ्याच्या जागी बसून, ते स्वतः सोडवून पाहिले पाहिजे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकाला, खेळाचे नियम ठरविणाऱ्या पंचाला आणि कायदा लिहिणाऱ्यालाही हीच सवय हवी. ज्याच्या शब्दांचे दोन अर्थ होतात, त्याने ऐकणाऱ्यास अपराधी ठरवू नये.

कोणी म्हणेल, “आमच्याजवळ संगणक नाही.” त्याने खंत करू नये. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी ६१७४ या संख्येचा नवलाचा गुणधर्म १९४९ साली जगापुढे मांडला, तेव्हा त्यांच्या हाती संगणक नव्हता. चौकटींची वही, पेन्सिल आणि खोडरबर एवढे साहित्य पुरे आहे. यंत्र बेरीज लवकर करील. पण आपले कोडे दुसऱ्याला न्याय देते की नाही, ही काळजी कोडे घालणाऱ्यानेच वाहिली पाहिजे.