फार्मासिस्ट भिंतीवर नको, काउंटरवर हवा!



तुमच्या चौकातल्या मेडिकलमध्ये जा आणि भिंतीवरचा परवाना वाचा. त्यावर फार्मासिस्टचे नाव असते. ते वाचून विचारा, "हे कुठे आहेत?" अनेक दुकानांत उत्तर मिळते, "आत्ताच बाहेर गेलेत." कित्येक ठिकाणी ते कधी आलेलेच नसतात. आलेले असते ते त्यांचे सर्टिफिकेट, तेही भाड्याने. औषध काढून देतो महिन्याच्या पगारावर ठेवलेला अप्रशिक्षित पोरगा. दोष त्याचा नाही, त्याला तिथे उभा करणाऱ्याचा आहे.

1948 च्या फार्मसी कायद्याचे कलम 42 स्पष्ट सांगते : डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणी देऊ नये. हा नियम कागद रंगवायला केलेला नाही. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट घ्या. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जीवही जातो. "आजी, ही फक्त सोमवारी घ्यायची," असे बजावून पाकिटावर लिहून देणारा माणूस काउंटरवर नसेल, तर त्या आजींना वाचवणार कोण?

इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. रात्री वीजबिल वाचवायला फ्रीज बंद करणारा दुकानदार सकाळी तीच कुपी पूर्ण किमतीला विकतो. तिची ताकद घटली आहे की नाही, हे गिऱ्हाइकाला नुसते पाहून कळत नाही. कळते ते साखर वाढल्यावर.

अँटिबायोटिकचेही तेच. 1 मार्च 2014 पासून 46 औषधे 'एच-1' यादीत आली. ती देताना डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपायची आहे. तरीही "ताप आहे, दोन गोळ्या द्या" म्हटले की स्ट्रिप कापली जाते. अर्धवट घेतलेल्या अँटिबायोटिकने जंतू निगरगट्ट होतात आणि उद्या खऱ्या दुखण्यात तेच औषध हात टेकते.

आणि बिल! ते का हवे, ते पाहा. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले. न्या. लेंटिन आयोगाने त्या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली. 2025 मध्ये तेच विष 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या औषधात सापडले. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या भागात वीसहून अधिक लेकरे गेली. त्यांतल्या अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार सुरू होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही एसआर-13 ही बॅच वापरू नका, असा इशारा दिला. विष कारखान्यात मिसळले गेले, दुकानात नव्हे, हे खरे. पण इशारा निघाल्यावर ती बाटली कोणाच्या घरी गेली, हे शोधायचे कशावरून? बॅच नंबर लिहिलेल्या बिलावरूनच. कच्च्या चिटोऱ्यावर औषध विकणारा तो धागाच तोडून टाकतो.

दुकानदार म्हणतात, फार्मासिस्टचा पगार परवडत नाही. 2013 च्या किंमत नियंत्रण आदेशानुसार नियंत्रित औषधांच्या कमाल किमतीत किरकोळ विक्रेत्याचे 16 टक्के धरलेलेच असतात. ते आपण प्रत्येक स्ट्रिपमागे मोजतो. मग त्या पैशात जबाबदार माणूस का नको? फार्मासिस्ट मिळत नाहीत, ही सबबही टिकत नाही. जिल्ह्याजिल्ह्यात डी. फार्म.ची कॉलेजे आहेत आणि तिथून बाहेर पडलेली मुले नोकरी शोधत फिरत आहेत. 2012 च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी फार्मासिस्टच्या हजेरीचा आग्रह धरला, तेव्हा विक्रेत्यांनी बंद पुकारले. नियम पाळायला लावला म्हणून बंद! त्या आग्रहाची आज पुन्हा गरज आहे.

आमच्या मागण्या :

1. दुकान उघडे असेल तोवर फार्मासिस्ट हजर हवा. तो नसेल तेव्हा चिठ्ठीवरचे औषध देणे थांबवा.
2. प्रत्येक खरेदीला औषधाचे नाव, बॅच नंबर आणि एक्सपायरी असलेले पक्के बिल द्या. स्ट्रिप कापताना हा मजकूर शाबूत ठेवा.
3. फ्रीजमध्ये थर्मामीटर आणि शेजारी तापमानाची रोजची नोंद ठेवा.
4. प्रशासनाने अचानक तपासण्या कराव्यात आणि कारवाई झालेल्या दुकानांची नावे जाहीर करावीत.
5. फार्मासिस्ट मित्रांनो, सर्टिफिकेट भाड्याने देऊ नका. तुमच्या नावावर दुसऱ्याने केलेल्या चुकीचे उत्तरदायी तुम्हीच आहात.

नागरिकहो, आपलेही काम आहे. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागू नका. चार रुपयांच्या सवलतीसाठी बिल सोडू नका. औषध हातात घेतल्यावर विचारा : कधी, किती, कशाबरोबर घ्यायचे? उत्तर देणारा फार्मासिस्ट नसेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या 1800222365 या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार करा. हे पत्रक वाचून शेजाऱ्याला द्या आणि पुढच्या खरेदीपासून पहिला प्रश्न हाच विचारा : फार्मासिस्ट कुठे आहेत?

— औषध घेणारे आणि औषध देणारे आम्ही काही नागरिक